तेवीस नंबरची हजेरी

६ ऑक्टोबर, सोमवार

तिसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीची फरशी आज उशिरा पुसली. आत एक म्हातारे सर रिकाम्या खोलीला शिकवत होते. समोर कॅमेरा, भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर एकतीस चौकोन. तीन उजळलेले, बाकी काळे. बघता बघता तिघांतला एक विझला. सर तरी फळ्यावर काढतच होते. दारातून वाकून पाहिलं तर — आपली डीपी! विजेचा ट्रान्सफॉर्मर, उसाच्या कडेला उभी असते तीच. दोन गुंडाळ्या, मधे लोखंड.

तास संपल्यावर बादली घेऊन आत गेलो. बेआताबाई या खोलीच्या इनचार्ज. त्यांनी सांगितलं, बोहदान सर युक्रेनचे. त्यांच्या कॉलेजवर क्षेपणास्त्र पडलं, इमारत गेली. मग इथल्या पोलंडच्या विद्यापीठानं त्यांच्याशी करार केला. खोली, कॅमेरा, सर्व्हर इथला. मास्तर आणि पोरं तिकडची. पोरं घरात, तळघरात, जिथं असतील तिथं. "लाईट गेली की वर्ग गेला," बाई म्हणाल्या.

हे मला समजावून सांगायची काही गरज नव्हती.

८ ऑक्टोबर

हौशीरामचा फोन. पिंपळवंडीचा, माझ्याबरोबर दहावीला गणितात उडालेला. आता पोर्तुगालात स्ट्रॉबेरीच्या शेडमध्ये. "आरं ऋषी, घरी फरशी पुसली नाय कधी, आन् पोलंडात जाऊन पुसतो व्हय? जानेवारीत जागा हाय, ये इकडं."

जावंसं वाटतं. सहा वर्षांत हे पाचवं काम. माझं बूड एका जागी टिकत नाही, आई म्हणते ते खोटं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज बोललोच. मोडकं इंग्रजी, मोडकं पोलिश, बाकी हातवारे. म्हणलं, लाईव्ह नका करू. भरून द्या.

बाईंना कळेना. मग नारायणगावातलं पारसशेठचं मोबाईलचं दुकान सांगितलं. शाळा सुटल्यावर चार वर्षं तिथंच होतो. बाहेर पाटी — कार्ड भरून मिळेल. लोक मेमरी कार्ड आणायचे, आम्ही त्यात कीर्तनं, गाणी, पिक्चर भरायचो. अडीच तासांचा पिक्चर दाबून दाबून एवढासा करायचा, साध्या फोनवर चालला पाहिजे. ती माझी विद्या. त्याला सर्टिफिकेट नाही.

सरांच्या तासाची फाईल पावणेदोन जीबी! लढाईच्या गावात कोण उतरवणार? बाईंच्या कॉम्प्युटरवर बसलो, बादली तशीच दारात. फळा वाचता आला पाहिजे, आवाज कळला पाहिजे. सरांचं नाक धूसर दिसलं तरी चालतं. हे बाईंनी सरांना सांगितलं, तर सर हसले. नव्वद एमबी झाली.

दुसरी गोष्ट वेळेची. तिकडं लाईटचं वेळापत्रक निघतं, कोणत्या भागात किती ते किती. आमच्याकडं थ्री फेजचं निघतं तसंच. लाईट यायच्या आधी फाईल तयार ठेवा, म्हणलं. लाईट आली की माणूस पहिली मोटार चालू करतो, बाकीचं मागनं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. इथं साधा मंगळवार. बाईंना कुणी सांगितलं कोण जाणे, टेबलावर एक पेटलेली मेणबत्ती ठेवली होती. कॉम्प्युटरच्या पंख्याच्या वाऱ्यानं विझली. मी परत पेटवली.

फाईल एकोणीस जणांनी उतरवली. बाकीचे त्यांच्याकडून कार्डावर घेतात. तिकडं पण तसंच! यादीत उतरवणाऱ्याच्या नावापुढं हिरवी खूण येते. ज्यानं दुसऱ्याकडून घेतली तो मेसेज करतो, मग बाई हातानं खूण करतात.

मला दोन तास रेकॉर्डिंगच्या खोलीत आणि बाकीचे सफाईत, असं बाईंनी वरून लिहून आणलंय. एक खुर्ची पण दिली. बाई, तुमचे उपकार. पोलिशमध्ये एवढं बोलता येत नाही म्हणून इथं लिहितो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सर रेकॉर्डिंगला पण हजेरी घेतात. समोर कुणी नाही, तरी एकतीस नावं. प्रत्येक नावानंतर थांबतात, जणू कोण ओ देणार आहे. तेवीस नंबरला जरा जास्तच थांबतात.

बाईंना विचारलं. तेवीस नंबर मत्वी. शिकता शिकता लाईनमन लोकांबरोबर तुटलेल्या तारा जोडायला जायचा. सप्टेंबरात एका गावाला गेला. त्या गावावर हल्ला झाला आणि त्यानंतर फोन बंद. जिवंतांच्या यादीत नाही, मेलेल्यांच्या यादीतही नाही. त्याच्यापुढं एकही हिरवी खूण नाही.

तिकडच्या ऑफिसचा नियम असा की ज्यानं तीस जानेवारीपर्यंत एकही फाईल घेतली नाही, एकही स्वाध्याय पाठवला नाही, त्याचं नाव कमी करायचं. यादीवर सही बोहदान सरांची.

३ नोव्हेंबर

सरांनी मला पण स्वाध्याय करायला लावला. डीपीची आकृती. म्हणलं, सर, मी दहावी नापास. सर म्हणाले, "मी तुला दहावी विचारली नाही, ट्रान्सफॉर्मर विचारला."

दहापैकी साडेनऊ! अर्धा मार्क कापला, वरची तेलाची टाकी काढली नाही म्हणून. बाई म्हणतात, तीस वर्षं झाली, सर त्या टाकीचा अर्धा मार्क कापतात. स्वतःच्या भावाला पण सोडलं नव्हतं म्हणे.

कागद उशाखाली ठेवलाय. शाळेतला एक कागद मी जपला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिकडं लाईट अजून कमी झाली. चार-पाच जणांचं नेट मधेच तुटतं, नव्वद एमबी पण जड जाते. पारसशेठला फोन लावला.

"किती एमबी केली म्हणतो?"

"नव्वद."

"लई झाली. आवाज एका बाजूनं ठेव. आन् मोकळं काप. कीर्तनाआधी माईकवर हॅलो हॅलो करायचे, ते आपण कार्डात भरायचो का?"

"नाय."

"मंग. मोकळ्या जागेचं कोण घेणार, राव. आन् जेवतो का तिकडं? का नुसता पाव?"

शेठ, तुम्ही मला दुकानातून दोनदा काढलं आणि तीनदा परत घेतलं. तिसऱ्या वेळी मी न सांगता गेलो होतो. तरी आज फोन उचलला.

आवाज एका बाजूनं केला, अठ्ठ्याहत्तर झाली. मोकळं काप म्हणजे हजेरी. चार मिनिटं नुसती नावं आणि मधली शांतता. कापली. बहात्तर एमबी! सगळ्यांची फाईल एका दमात उतरली. बाईंना फक्त आकडा सांगितला.

१७ नोव्हेंबर

बहात्तर.

२४ नोव्हेंबर

सत्तर. हौशीरामला सांगितलं तर म्हणतो, "दोन एमबीसाठी कोण तुला हार घालणार हाय?" घालू नका. मला बरं वाटतंय.

२ डिसेंबर, मंगळवार

काय करून बसलो.

बाईंनी हाक मारली. सरांना एक मेसेज आलाय, मत्वीच्या आईचा. शेजारची मुलगी सरांच्याच वर्गातली. ती दर सोमवारी फाईल कार्डावर भरून या आईंकडं नेते. आईंना डीपीतलं काही कळत नाही. फक्त सुरुवातीची हजेरी ऐकतात. तेवीस नंबरला सर पोराचं नाव घेतात, थांबतात, मग त्या फोन बंद करतात. दर आठवड्याला.

बेआताबाईंनी वाचून दाखवलं: "गेले चार सोमवार नावंच नाहीत. माझ्या मुलाचं नाव तुम्ही काढलं का? काढलं असेल तर मला खरं सांगा. मी ऐकायला तयार आहे."

ती तयार होऊन बसली. मी सहा एमबी वाचवले म्हणून.

बाईंना सांगितलं, मी कापलं. सरांना पण मीच सांगितलं. सर फळा पुसत होते, पुसतच राहिले. वाटलं, आता काढतील. काढायला पाहिजेच होतं. मग म्हणाले, "शिकवलेलं पुस्तकात सापडेल. हजेरी पुस्तकात नसते."

एवढंच. खुर्ची काढून घेतली नाही.

३ डिसेंबर

चारही फाईली परत केल्या. हजेरी अख्खी, शांततेसकट. सहा एमबी दुसरीकडून काढले. सरांच्या मागची भिंत एका रंगाची केली, रंग कमी तर वजन कमी. एकाहत्तर. हे आधी का सुचलं नाही? कापणं सोपं म्हणून.

सरांनी त्या माउलीला स्वतः फोन केला. काय बोलले कळलं नाही. माझ्याकडं एकदा बोट दाखवलं, तिला काय ते दिसणार होतं? नंतर बाई म्हणाल्या, ती विचारत होती, तो मुलगा कुठला. भारतातला, त्याच्या गावात पण लाईट जाते, असं सर म्हणाले. तर ती म्हणाली, "मग त्याला रागावू नका."

जिन्यात जाऊन बसलो जरा.

७ डिसेंबर, रविवार

आईला सगळं सांगितलं. वाटलं, तिला काय कळणार. मागं कोंबडी ओरडत होती, तिला हाकलली.

मग म्हणाली, "आपल्यात लग्नाच्या पत्रिकंत मेलेल्या माणसाचं बी नाव छापत्यात. म्होरं कै. लावत्यात, पर नाव काढत न्हाईत. आन् तू जित्या माणसाचं काढलंस व्हय रं?"

"जिता हाय का ते कुठं माहीत हाय?"

"मंग मेल्याचं तरी कुठं माहीत हाय?"

माझ्या आईला, साळुबाईला, चौथीच्या पुढं शाळा नाही. आणि म्हणे शिकलेला मी!

मग नेहमीचं. बहिणीची, वृषालीची परीक्षा, अवसरीच्या कॉलेजात ती पण इलेक्ट्रिकलला. बिबट्यामुळं आता दिवसा लाईट देतात, रात्री पाणी धरायला जावं लागत नाही. त्याचं तिला इतकं अप्रूप, की मत्वीच्या गावाला पण देव दिवसा लाईट देवो म्हणाली.

८ डिसेंबर, सोमवार

हजेरीच्या वेळी खोलीत उभा राहिलो. तेवीसला सर थांबले. मी मनातल्या मनात मोजले — नऊ सेकंद. बाकीच्यांना तीन.

२२ डिसेंबर

सुट्टी लागली. बेआताबाईंनी घरून बिटाच्या सूपचा डबा दिला. गोड-आंबट. दोन चमचे तिखट टाकून प्यालो, बाईंना हे सांगणार नाही.

वृषालीला सरांच्या दोन फाईली पाठवल्या. भाषा कळत नाही, आकृत्या कळतात म्हणे. तिच्या सरांनी वर्गात दाखवल्या. अवसरी खुर्दला लढाईतल्या पोरांचा तास! आबांनी, म्हणजे वडिलांनी, गावात सांगून टाकलं की ऋषी युनिव्हर्सिटीत शिकवतो. आबा, नका हो.

९ जानेवारी, शुक्रवार

हौशीरामला नाही म्हणून कळवलं.

"खुर्चीला चिकटला का रं?"

"चिकटलो."

"तू? तुझ्या अंगात काय शिरलंय का?"

तीस तारखेपर्यंत तरी कुठं जाणार नाही, म्हणलं. तीस तारखेला काय आहे ते त्याला सांगितलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

शेवटचा तास. एकतीसपैकी तीस जणांचे स्वाध्याय आले. एकीनं मेणबत्तीच्या उजेडात काढलेली आकृती, कागदावर मेणाचा थेंब. सरांनी थेंबाभोवती गोल काढून "छान" लिहिलं. टाकीचा अर्धा मार्क कापलाच.

शेवटी सर कॅमेऱ्याकडं पाहून बोलले. बाईंनी मला हळूच सांगितलं, "तुझं नाव घेतलं. हे तास तुमच्यापर्यंत ज्यानं आणले तो, म्हणाले."

मी कॅमेऱ्यामागं होतो. बरं झालं, दिसलो नाही.

सात वर्षांचा होतो तेव्हा शाळेत हजेरीला ओ द्यायला लाजायचो. मास्तर गैरहजर मांडायचे, मी मागच्या बाकावर बसलेलो असायचो. हे आज का आठवलं?

२६ जानेवारी

तेवीसपुढं काही नाही. दिवसातून दहा वेळा यादी उघडतो. बाई पण उघडतात, मी आलो की बंद करतात.

२९ जानेवारी, गुरुवार

यादीचा कागद सरांच्या टेबलावर. तेवीसवर कुणीतरी ऑफिसमधून आधीच पेन्सिलनं बारीक रेघ मारून पाठवलीय. सरांनी खोडरबर मागितलं. खोडलं. कागदाची खपली निघाली, पण रेघ गेली.

"सही?" बाईंनी विचारलं.

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे."

उद्या माझी सफाई चौथ्या मजल्यावर. बदलून घेतली.

३० जानेवारी, शुक्रवार

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तेवीस नंबर हिरवा. फाईल एक, एकाहत्तर एमबी, कुठल्याशा दवाखान्यातून. पावणेचारला त्याचा स्वाध्याय, वहीच्या पानाचा फोटो. अक्षर पहिलीतल्या पोराचं. खाली एक ओळ, बाईंनी मला सांगितली: "उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, डाव्यानं काढलंय, मार्क कापू नका." सरांनी आधी मत्वीच्या आईला फोन लावला. मग चष्मा पुसला, आकृती नीट पाहिली, आणि टाकीचा अर्धा मार्क कापला.