बैठकीतला तक्ता

वडनेर भोलजी,
१७ नोव्हेंबर १९६४

प्रिय शालिग्राम यांस,

'प्रिय' लिहू की नको, यात दोन कागद गेले. कुंकू लागले असले तरी लग्न व्हायचे आहे, आणि मुलीने आपण होऊन पत्र लिहिणे तुमच्याकडे कसे धरतात ते मला ठाऊक नाही. पण आत्याने शिकवले आहे की पत्राचा मायना खरा असावा, म्हणून तो तसाच ठेवते. पत्र तुमच्या घरी नाही, तुम्ही शिकवता त्या पिंपळगाव राजाच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. आधी तुम्ही एकट्याने वाचावे असे वाटते.

आमच्या गिरणीवरचा दयाराम गेला. आज आठ दिवस झाले. तुम्ही त्याला पाहिले आहे. तुम्ही लोक आलात त्या दिवशी गिरणीच्या दारात उभा राहून ज्याने तुमच्या वडिलांना जयभीम घातला आणि ते किंचित थबकले, तो. भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये सहा वर्षे काम करून आलेला. आमच्याकडे मोटार आणि पट्टा त्याच्या हाती, दळण मात्र दुसऱ्याच्या हाती. त्याने पिठाला हात लावलेला गिऱ्हाइकांना चालत नसे. तो म्हणायचा, "पीठ तुमचं सोवळं, करंट माहा. करंटले जात नाही ताई, तो कोणालेही धरते." आणि हसायचा.

अक्षर बिघडले आहे, ते तुमच्या लक्षात येईलच, कारण माझे अक्षर तुम्ही पाहिले आहे. त्याचेच तर सांगायचे आहे.

वीज जोडली तेव्हा खात्याकडून एक छापील कागद आला होता. विजेचा झटका बसलेल्या माणसाला काय करावे, त्याचा. इंग्रजी आणि हिंदीत होता. जोडणीवाले साहेब बाबांना म्हणाले, नियमाप्रमाणे हा इथल्या लोकांच्या भाषेतही हवा आणि मोटारीजवळ कोणालाही दिसेल असा हवा. बाबांनी ते काम मला दिले. तुम्हाला माहीत आहे, मी शाळेत उशिरा गेले. अकरा वर्षांची होईपर्यंत आत्यानेच चुलीपुढे पाटी धरून शिकवले, आणि तिचा नियम असा, की एक शब्द चुकला तर पान पहिल्यापासून लिहायचे. त्या नियमाने मी तो तक्ता चार वेळा लिहिला. माणसाला पालथे झोपवावे, तोंड एका बाजूस करावे. पाठीवर दोन्ही तळवे ठेवून दाब द्यावा आणि सोडावा, मिनिटाला बारा ते पंधरा वेळा. जवळ असेल त्याने ताबडतोब सुरू करावे. श्वास येईपर्यंत किंवा डॉक्टर सांगेपर्यंत थांबू नये. मी डोळे मिटून म्हणू शकते. चित्रेसुद्धा मीच काढली.

बाबांनी तो काच लावून आणला आणि बैठकीत टांगला. पाहुणे यायचे होते. दुसऱ्यांच्या घरी मुलीने विणलेले मोर आणि हरणे भिंतीवर असतात. मला विणकाम येत नाही, म्हणून माझे अक्षर. तुमच्या आई म्हणाल्या, छापल्यासारखं आहे. बाकी सगळे चहाकडे वळले. तुम्ही मात्र उभे राहून तो पूर्ण वाचलात आणि मला विचारलेत, डॉक्टर नसलेल्या माणसाला हे खरेच करता येते का? मी खाली बघून म्हणाले होते, जवळ असेल त्याने करायचे असे लिहिले आहे. मला फार बरे वाटले होते. तुमच्याशी बोललेले माझे एवढे एकच वाक्य आहे.

दयाराम दसऱ्यापासून विचारत होता, "ताई, तो कागद केव्हा लावता? भुसावळले आमच्या शेडमंधी होता. एक माणूस गेला म्हणून ठेवला होता, तो उठून चहा पेला." मी म्हणाले, पाहुणे येऊन जाऊ द्या. पाहुणे येऊन गेले. बाबा म्हणाले, आता लग्नापर्यंत राहू दे, सोयरे येत राहतील, तिकडं पिठात खराब होईल. आणि मी दुसऱ्यांदा विचारले नाही. येणारा प्रत्येक जण तक्त्यापुढे थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. ते मला आवडत होते, हे लिहायला जड जाते, पण खरे आहे.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास ओरडा ऐकला. गिरणी आमच्या अंगणापलीकडेच. मी पोचले तेव्हा बाबांनी स्विच ओढला होता आणि दयाराम मोटारीपाशी पडला होता. दळणाला आलेली पंचवीस-तीस माणसे डबे घेऊन भोवती उभी. कोणी हात लावीना. हात न लावायला लोकांकडे दोन कारणे होती, बोलून एकच दाखवत होते, की अंगात करंट असेल. मी म्हणाले, त्याला पालथे करा, पाठ दाबायची असते. दळणाला आलेले गुलाबरावकाका म्हणाले, "तू डाक्टर हायस काय वं? उद्या तुह्या हाताखाली मेला, तं पोलीस कोणाले धरन? तुह्या बापाले." कोणी हसलेसुद्धा.

आता जे लिहिते ते मी आत्यालाही सांगितलेले नाही. मी त्याच्याजवळ बसले नाही. मी घरी पळाले. मला वाटले, बारा वेळा की वीस वेळा, आणि आधी तोंड फिरवायचे की नंतर, हे एकदा बघून यावे. चुकले तर. बैठकीत जाऊन तक्त्यासमोर उभी राहिले आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. सगळे बरोबर होते. मला येत होते तसेच होते, एक अक्षर इकडचे तिकडे नाही.

परत गेले तेव्हा त्याच्या वस्तीतला भाऊराव धावत आला होता. कोणीतरी सांगितले म्हणून त्याने आणि आणखी दोघांनी दयारामला उचलून बाहेर जमिनीवर निजवून गळ्यापर्यंत मातीने झाकले होते, करंट जमिनीत उतरावा म्हणून. ओली माती, छातीवर. मी म्हणाले, काढा, काढा त्याला. भाऊराव माझ्याकडे बघून रडत म्हणाला, "ताई, मंग काय करू सांगा ना." तोवर नक्की किती वेळ गेला मला सांगता येत नाही. आम्ही माती उकरली. मी दाबले. पुष्कळ वेळ दाबले. नांदुऱ्याहून डॉक्टर आले त्यांनी माझे हात धरून बाजूला केले.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या पाच मिनिटांत झाले असते तर कदाचित, खात्रीने नाही. मग त्यांनी गिरणीच्या भिंतीकडे पाहिले आणि विचारले, नियमाचा तक्ता कुठे आहे? बाबा म्हणाले, काच पुसायला नेला होता.

शुक्रवारी विद्युत निरीक्षक यायचे होते. सकाळी मी बैठकीत गेले तर बाबा खुर्चीवर उभे राहून तक्ता उतरवत होते. तो त्यांनी गिरणीत नेला. चिमूटभर पीठ घेऊन काचेवर फुंकले, मोटारीचे वंगण अंगठ्याने कोपऱ्याला लावले, आणि खिळा ठोकला. मी दारात होते. माझे वडील देवाला पाया पडल्याशिवाय गिरणी सुरू न करणारे आहेत. ते म्हणाले, "पोरी, गिरणी गेली तं तुहं लग्न कशानं करू?" निरीक्षकांनी तक्ता वाचला, अक्षर कोणाचे म्हणून विचारले, आणि चांगले म्हणाले. बाबांनी जबाब दिला की तक्ता पहिल्या दिवसापासून तिथेच आहे, दयाराम वाचणारा माणूस होता, निष्काळजीपणा त्याचाच. मी चहाचा ट्रे धरून उभी होते आणि बोलले नाही. बैठकीतल्या भिंतीवर चौकोनी पांढरी जागा राहिली होती, तिथे आत्याने कॅलेंडर लावले.

रविवारी जनका आली, दयारामची बायको. कडेवर मूल होते. मला वाटले आता ती शिव्या देईल, आणि मी तयार होते. तिने शिव्या दिल्या नाहीत. ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "ताई, मले एवढंच सांगा. तो मले रोज सांगे, कागद अजून लावला नाही म्हणून. आता सारे म्हणतात, पह्यल्यापासून तिथंच होता. मंग तो माह्याशी खोटं बोले काय? काऊन बोलन तो खोटं?" तिला दुसरे काही नको होते. मी म्हणाले, नाही, तो खोटे बोलला नाही. ती मान हलवून गेली. मी तिला ओट्यावर बससुद्धा म्हटले नाही, हे ती गेल्यावर लक्षात आले.

काल मी निरीक्षकांना पत्र टाकले. छापील कागदाच्या तळाशी त्यांच्या कचेरीचा पत्ता होता. तक्ता कुठे होता, कोणासाठी होता, कधी हलवला, आणि मी घरी जाऊन काय केले, ते सगळे लिहिले. बाबांना आज सकाळी सांगितले. ते जेवले नाहीत. एका मुलीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील, म्हणून पत्रात मी एका साक्षीदाराचे नाव दिले आहे. बैठकीत आलेल्यांपैकी तो तक्ता पूर्ण वाचणारा एकच माणूस होता. तुम्हाला न विचारता तुमचे नाव दिले, त्याबद्दल क्षमा मागते, पण ते मागे घेणार नाही. कचेरीतून तुम्हाला विचारणा येईल. जे पाहिलेत तेवढेच सांगा. तुमच्या घरच्यांनी दिलेले लुगडे मी घडी न मोडता आत्याजवळ ठेवले आहे. ते परत न्यायला कोणी आले तर आमच्याकडून एक शब्द निघणार नाही. त्या दिवशी तुम्ही विचारले होते, डॉक्टर नसलेल्याला हे करता येते का. मी सांगितले होते, जवळ असेल त्याने करायचे. जवळ मी होते.

'तुमची' लिहायचे की नाही, ते तुम्ही ठरवावे.

मंजुळा