माफी नसलेलं माफीपत्र

आई,

हे पत्र वांदो बेटावर पोचेपर्यंत शेजारणींनी तुझं डोकं खाल्लं असेल. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

हो, तेओचं आणि माझं खरंच आहे. शाळेत माझ्याच वर्गात होता, आता बेकरी चालवतो. आमचा फोटो छापून आल्यापासून माझ्या चाहत्यांनी आमच्या गाण्याच्या कंपनीसमोर निषेधाचा ट्रक उभा केलाय. त्याच्यावर लावलेल्या मोठ्या पडद्यावर दिवसभर झळकतं, ‘हेरिम, तो किंवा आम्ही!’

प्रेम उघडं पडलं की गायिकेने स्वतःच्या हाताने माफीपत्र लिहायचं, ही इथली रीतच. मीही लिहिलं. मॅनेजर वाचून म्हणाले, “अक्षर सुरेख आहे गं, पण माफी कुठेय?”

“मी काय चोरी केलीय?”

“मग ग्रुप सोडावा लागेल.”

“सोडते. गळा माझाच आहे, बरोबर नेते.”

झोप लागते मला, जरा उशिरा लागते एवढंच. बाजारात तुला कोणी टोमणे मारत नाही ना? बाबा तुझ्याशी बोलतात ना?

सणाला आम्ही दोघं येतोय, भरदिवसा, पुढच्या दाराने. समुद्री शेवाळाचं सूप जास्त कर.

आपल्या दुकानातलं माझं पोस्टर कोणी फाडलं तर फाडू दे. खिळा तेवढा राहू दे, आमचा दोघांचा फोटो आणतेय.

तुझ्यासारखीच हट्टी,
हेरिम