व्हॉल्व्हवरचं साल

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मावशीच्या वाढदिवसानंतर चार महिने तुझं पत्र नाही, आणि ते का नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी आधी इकडचं सांगतो. गॅरेजमध्ये सध्या कॅम्पिंगचे सात जुने गॅस स्टोव्ह उघडे पडलेत. बायको म्हणते, आता गाडी घरात आणून ठेव आणि तू बाहेर झोप.

त्या सातांत बाबांचा एक. तू त्या दिवशी मोठ्या विश्वासानं माझ्या हातात दिलास आणि तळ्याकाठची गोष्ट सांगितलीस: अठ्ठ्याहत्तर साली तू नापास झालीस, बाबांनी तुला एकटीला पहाटे तळ्यावर नेलं, याच स्टोव्हवर चहा केला आणि म्हणाले, पुन्हा परीक्षेला बस, घरच्यांना मी बघतो. मी स्टोव्ह उलटा केला, व्हॉल्व्हवरचा छाप वाचला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा एक्याऐंशीचा आहे, म्हणजे ताईची गोष्ट होऊच शकत नाही. सगळे हसले. मावशी म्हणाली, हिला लहानपणापासून पदरची भर घालायची सवय. मीही हसलो.

काल बर्नरखालची काजळी घासली. खाली ७६ छापलंय. व्हॉल्व्ह तेवढा मागाहून बदललेला. एकाच भागावरून साल सांगायचं नाही, हे मी जुने स्टोव्ह दुरुस्त करायला शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावतो. त्या दिवशी मात्र मला शहाणपणा मिरवायचा होता.

आणि व्हॉल्व्ह का बदलला, तेही मला माहीत आहे. एक्याऐंशी साली, नऊ वर्षांचा असताना, मी बाबांना न विचारता सिलिंडर बसवायला गेलो. तिरका बसला, तरी जोर लावला आणि व्हॉल्व्हचे पितळेचे आटे घालवले. स्टोव्ह माळ्यावर सरकवला. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, शेवटचा ताईनं वापरला. हे मी विसरलो होतो असं लिहिणार होतो. पण विसरलो नव्हतो. लाज वाटते, ताई. काल हातातला ब्रश खाली ठेवला तो अजून उचललेला नाही.

रागावलीस तरी चालेल, पण दोन ओळी लिही.

तुझा,
खटपट्या

२१ ऑगस्ट

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, त्यामुळे दोनदा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

लोक हसले त्याचं एवढं नाही. पण तू या विषयातला जाणकार, म्हणून तुझं मी खरं मानलं. चार महिने त्या सकाळवरच संशय घेत बसले. बाबांबरोबर मी एकटी, अशी माझ्याकडे एवढी एकच सकाळ आहे. ती आपण मनानंच रचली की काय, असं वाटून मी नातीला ती गोष्ट सांगायची बंद केली.

आट्यांचं म्हणशील, तर मी तेव्हा दहा वेळा सांगितलं की मी हातही लावलेला नाही. बाबा म्हणाले, चूक झाली तरी चालेल, खोटं नको. स्टोव्ह दुरुस्त होऊन आला, पण मला तळ्यावर पुन्हा कधी नेलं नाही. मी वाट बघायचे.

माफी अशी बंद पाकिटातून मला एकटीला नको. मावशीकडे चौदा माणसं होती.

भावजयीला आशीर्वाद, आणि तुला घरातच झोपू दे म्हणावं. राग आहे, पण जीवही आहेच.

तुझी,
ताई

३० ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी सगळे जेवायला जमतील तेव्हा हे पत्र कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घे, एवढी मेहेरबानी कर. मधेच थांबवू नकोस.

बाबांचा स्टोव्ह शहात्तरचा आहे. मी बदललेल्या व्हॉल्व्हवरचं साल वाचलं आणि ताईला खोटं पाडलं. तो व्हॉल्व्ह बदलावा लागला कारण जुना मी मोडला होता. तेव्हा मी ताईचं नाव सांगितलं आणि बाबा ते खरं धरूनच गेले. दोन्ही वेळा ताई खरं बोलत होती. बाबांना आता सांगता येत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतोय.

स्टोव्हचा वॉशर नवा घातला. रंग मुद्दाम दिला नाही, बाबांच्या हाताखाली झिजला तसाच ठेवलाय. काल ताईकडे पोचवला. मी म्हणालो, तळ्यावर आपण दोघं जाऊ. ती म्हणाली, मी नातीला घेऊन जाणार, तू यायचं नाहीस. तेवढा सिलिंडर बसवून दे.

तिच्यासमोर बसवला. तीनदा काढून पुन्हा लावला. सरळ बसलाय.

तुमच्या लोभाला पात्र नसलेला,
खटपट्या