ऑक्टोबरला माझा ठाम नकार

२८ सप्टेंबर
ठरलं. यंदा ऑक्टोबरात रेडिओ नाही, टीव्ही नाही. एरवी आम्हा काळ्या लोकांची कुणाला आठवण नसते, पण ऑक्टोबरात ब्लॅक हिस्टरी मंथ लागला की चॅनलवाल्यांना आमचा पुळका येतो. यावर मी अख्खं पुस्तक लिहिलंय. नॉटिंगहॅममधल्या सगळ्या निर्मात्यांना नकाराचे ईमेल धाडले. कुणी बोलावलं नव्हतं, पण आधी कळवलेलं बरं.

३० सप्टेंबर
विभागप्रमुख फियोना म्हणाली, एरल, प्रोफेसर व्हायचंय ना? मग माध्यमांत दिसायला लाग. बढतीच्या कमिटीला ऑक्टोबरअखेर त्याचा पुरावा हवाय. दोनदा हुकलंय, यंदा हुकून चालणार नाही. तरीही मी तिला माझं तत्त्व सांगितलं. ती म्हणाली, बरं. तिने थोडा आग्रह करायला हवा होता.

३ ऑक्टोबर
फोन सायलेंटवर. मोह नको.

४ ऑक्टोबर, सकाळी
एकही कॉल नाही. सायलेंटमुळे काही बिघडलं असेल. आवाज चालू केला.

११ ऑक्टोबर
एका निर्मातीचं उत्तर: तुमच्या भूमिकेचा आदर वाटतो, दुसरं कुणी सुचवाल का? म्हणजे हिने खरंच मनावर घेतलं. नकाराखाली मोबाइल नंबर ठळक अक्षरांत कशाला दिला होता मी? बायको इव्हॉन म्हणाली, नको म्हणालास, त्यांनी ऐकलं, आता घरात कशाला आदळआपट करतोस? हिला समाजशास्त्र कळत नाही.

१९ ऑक्टोबर
टीव्हीवर केमिस्ट्री विभागातला माझा काळा सहकारी क्वाबेना! वंश आणि अस्मिता या विषयावर! याचं संशोधन लोखंडाच्या गंजावर. कँटीनमध्ये म्हणाला, अरे, माझा विषय गंज, हे मी सांगितलं कार्यक्रमवाल्या बाईंना, पण त्या म्हणाल्या, तुम्ही नुसते या. बोलला मात्र छान. जळफळाट झाला.

२४ ऑक्टोबर
तत्त्वाचा फेरविचार. बहिष्कार फक्त पहिल्या पंधरवड्यापुरता होता, असं सगळ्यांना कळवलं. शाळांना सुट्ट्या लागल्यात, त्यामुळे सगळे गावाला गेल्याची आपोआप उत्तरं आली.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी
मुदत संपली. पुराव्याच्या रकान्यात काही लिहिता आलं नाही. प्रोफेसरपद याही वर्षी गेलं. फार वाईट वाटलं.

नंतर, दुसरं कुणी सुचवा म्हणणाऱ्या त्याच निर्मातीचा फोन. काळ्या अभ्यासकांना फक्त ऑक्टोबरातच का बोलावतात, यावर ती मोठा कार्यक्रम करतेय आणि मुख्य पाहुणा मीच. कधी, विचारलं. म्हणाली, पुढच्या ऑक्टोबरात. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं. मग म्हणाली, कपडे जरा आफ्रिकन, रंगीबेरंगी घालाल का? माझा जन्म डर्बीचा, आईवडील जमैकाचे. असल्या मागण्यांवर मी आयुष्यभर लेक्चरं झोडलीत.

मी विचारलं, पिवळा चालेल का?