सृष्टीपासून जातीपर्यंत

बाई, आज पुन्हा सजीवांच्या वर्गीकरणाचा तोच धडा शिकवला. जळगावच्या ज्युनियर कॉलेजात दरवर्षी शिकवते, त्यात विशेष काही नाही. तुम्ही धुळ्याच्या शाळेत आम्हांला पाच सृष्टी शिकवल्या होत्या. त्यांच्या वर आता तीन डोमेन आले आहेत. तुमच्या मोनेरा सृष्टीत सगळे जिवाणू एकाच खोलीतल्या भाडेकरूंसारखे राहायचे. पुढे त्यांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांतले आर्किया वेगळेच निघाले, उलट आपल्याला जवळचे. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवून "काय सांगतेस!" म्हणाल्या असत्या. मला हल्ली कशाचंच तसं काही वाटत नाही. शिकवते, हजेरी घेते, डबा खाते.

तुमचं स्वयंपाकघर अजून दिसतं. रविवार आहे, मी नववीत आहे, तुम्ही मला ओट्याजवळ पाट देऊन कळण्याची भाकरी वाढताय. "बुरशी म्हणजे हिरवा रंग गेलेली वनस्पती नव्हे गं, तिची सृष्टीच वेगळी," असं म्हणत ठेचा पुढे सरकवताय. बौद्ध वस्तीतल्या मुलीला थेट स्वयंपाकघरात जेवू घालणं तुमच्या गल्लीच्या पचनी पडत नव्हतं. शेजारच्या अक्कांनी दारातूनच विचारलं, "बाई, आते ही रोज येई का?" तुम्ही तव्यावरून नजर न काढता म्हणालात, "येईल की. भूक रोजच लागते." त्या दिवशी मी तुमच्यासाठी जीवसुद्धा दिला असता.

आणि त्याच आठवड्यातला तो तास. फळ्यावर माणसाचं वर्गीकरण: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कूळ, प्रजाती आणि सगळ्यांत खाली जाती. मला वाचायला उभं केलंत. शेवटचा शब्द वाचला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, तिनी जात बी इचारा ना!" अख्खा वर्ग खो खो हसला. तुम्ही पाठमोऱ्या लिहीत होतात. म्हणालात, "जाती, सेपियन्स. बस खाली. पुढचं कोण वाचतंय?" एवढंच.

मी जळगावला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही स्वतःचं भिंग माझ्या हातात ठेवलंत. तुमच्यामुळे मी इथवर आले, हे मी कुणालाही सांगते. पण तो तास कुठल्याच कप्प्यात बसत नाही. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा रडू आलं नाही. इतकी वर्षं झाली, अजूनही येत नाही, आणि त्याचा मला रागही येत नाही.

आज माझ्या वर्गात एक मुलगी त्याच शब्दाला अडखळली आणि मागच्या बाकावर कुणी फिस्सकन हसलं. मी हसणाऱ्याला उभं केलं. "काय झालं हसायला? सांग सगळ्यांना." तो खाली बघत राहिला. मीही तशीच उभी राहिले, धडा पुढे नेला नाही. एवढंच करायचं होतं, फार नव्हतं.

वर्गात गोंगाट होता, तुम्हांला ऐकूच गेलं नसेल, असं मी नवऱ्याला, लेकीला, सगळ्यांना सांगत आले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिता येतंय. तो आवाज आला तेव्हा तुमचा खडू थांबला होता, बाई. मी बघत होते.