श्वेत बटूची गिरकी

३ जानेवारी, सकाळी ९
निवृत्तीनंतरचा पहिला निश्चय : निव्वळ शिकवणं पुरे, आता संशोधन. विषय, चुंबकीय श्वेत बटू. म्हणजे विझत चाललेला तारा. आकार पृथ्वीएवढा, अंगात चुंबकत्व अफाट. अंगावर डाग असतो. तारा फिरतो, डाग समोर येतो-जातो, उजेड कमीजास्त होतो. उजेड मोजा, फिरण्याचा वेग मिळतो. इतकं सोपं. लोक इतकी वर्षं काय करत होते कोण जाणे.

५ जानेवारी
वेधशाळेकडून फोटो आले. शेजारचा एक तारा स्थिर धरायचा, बटूचा उजेड त्याच्याशी ताडायचा. शेजारी निवडला. ठळक, देखणा, घरंदाज. चौकशीची गरज वाटली नाही.

९ जानेवारी, दुपारी
सापडलं! उजेड वर, खाली, वर, खाली. एक फेरी दोन तास अकरा मिनिटांत! स्वयंपाकघरात मीही एक गिरकी घेतली. ह्यांनी विचारलं, पाय मुरगळला का.

१० जानेवारी
सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये असतात. म्हणाल्या, आई, शेजाऱ्यालाही तपासा, आम्ही आधी मशीन तपासतो. म्हटलं, रक्त वेगळं, तारे वेगळे. म्हणाल्या, बरं. ते 'बरं' मला आवडलं नाही.

१२ जानेवारी
खगोल मंडळात रविवारी माझं व्याख्यान. आमचे जुने विभागप्रमुख येणार. सव्वीस वर्षं म्हणत आले, "मॅडम, संशोधन तुमचा प्रांत नव्हे." येऊ देत.

१७ जानेवारी
साठ स्लाइड तयार. आरशासमोर नम्रपणाचा सराव केला. उत्तम जमतो.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळी
टाळ्या पडल्या. मग विभागप्रमुख उठले. शेजारी कोणता धरलात, विचारलं. मी ऐटीत बोट ठेवलं. त्यांनी मोबाइल काढला, चष्मा वर केला, वाचून दाखवलं : हा तारा स्वतःच दर दोन तास अकरा मिनिटांनी फुलतो-आक्रसतो. चाळीस वर्षांपासून यादीत आहे. मग लॅपटॉप ओढून त्यांनी तिसऱ्याच ताऱ्याशी बटू ताडला. उजेडाची रेघ सरळ. माझा बटू ढिम्म.

सभागृहात कोणीतरी खोकलं. बहुतेक आमचे हेच.

१९ जानेवारी
मंडळाच्या सचिवबाईंचा फोन. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलाल का? विषय, 'नवशिक्यांच्या ठरावीक चुका'. होकार दिला. यातलं संशोधन तरी सर्वस्वी माझं आहे.