कानबाईचे व्हिडिओ कुठे ठेवायचे

बुधवार, संध्याकाळ. चोपडा.

आज ठरवलंच. लॅपटॉपवर एसएसडीची जागा दाखवणारी पट्टी पुन्हा लाल झाली, आणि दोंडाईच्याच्या लग्नाचं एडिटिंग अडकत अडकत चाललंय. जागा कुणी खाल्ली? श्रावणातल्या आमच्या घरच्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या व्हिडिओंनी. दरवर्षीचे सगळे तिथेच. सासऱ्यांचं, आबांचं म्हणणं, देवीचं काही त्या जुन्या हार्ड डिस्कवर टाकायचं नाही, नव्यावरच ठेवायचं. किती दिवस ऐकायचं हे?

चहा देताना बोलूनच टाकलं, "आबा, एसएसडी म्हणजे स्वयंपाकघरातला डबा. रोज लागतं तेवढंच त्यात. हार्ड डिस्क म्हणजे कोठी. आपण बियाणं कुठे ठेवतो?"

आबा म्हणाले, "बियानं कोठीमाच ऱ्हास."

लगेच कॉपी लावली, झाल्यावर एसएसडीवरचे व्हिडिओ काढून टाकले. कानबाई हार्ड डिस्कवर, लग्न एसएसडीवर. एक प्रत नणंदेकडेही ठेवणार. कोठीतल्या धान्यालाही कीड लागते. पट्टी निळी झाली एकदाची. वळून बघते तर आबा हार्ड डिस्कला कुंकू लावतायत.

पुसलं नाही मी. तेवढं लाल चालेल.